सापडलं नाही, म्हणून हसायचं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीत दूरच्या बेटांवर जाऊन ‘वाळूतले किडे मोजणाऱ्या’ शास्त्रज्ञांवरचं स्फुट वाचलं. खुसखुशीत आहे. लेखकांचा हात चांगलाच चालतो. लिहिण्यापूर्वी चार पानं चाळली असती तर आणखी बरं झालं असतं.

आपण ज्यांना किडे म्हणता ते फोरॅमिनिफेरा किडे नव्हेत. एका पेशीचा जीव, भोवती चुन्याचं किंवा रेतीचे कण चिकटवून केलेलं कवच. १८२६ मध्ये त्यांना हे नाव देणारे फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ द’ऑर्बिन्यी यांनीही त्यांची गणती माकुळाच्या गोतात केली होती. १८३५ मध्ये दुजार्दाँ यांनी ती चूक सुधारली. ही बातमी आपल्या कचेरीत अजून पोचायची आहे, एवढंच.

पण माझा राग त्यावर नाही. ‘जे सापडलं नाही त्याचीही म्हणे यादी करतात!’ या वाक्यावर आहे. ते आपण चौकटीतही टाकलंय.

हेच वाक्य मी पूर्वी एकदा ऐकलं आहे. सिन्नरकडचा एक विद्यार्थी होता. मामा लक्षद्वीपात कवरत्तीला नोकरीला; त्यांनी फिल्म रोलच्या रिकाम्या डबीत तिथली वाळू आणून दिली होती. पोरानं ती चाळली, काळ्या पुठ्ठ्यावर पसरली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकानं एकेक कवच उचलून डिंकानं स्लाइडवर चिकटवलं. त्यात अँफिस्टेजिना नावाचे फोरॅमिनिफेरा भरपूर. दोन्ही बाजूंनी फुगीर, मसुरीच्या दाण्यासारखी, पण पॉलिश केल्यागत चकचकीत. शेवटच्या पानावर त्यानं न दिसलेल्या जातींची यादी दिली. एका डबीवरून काही सिद्ध होत नाही, हेही खाली स्वतःच लिहिलं. बाहेरून आलेले परीक्षक ते पान फडफडवत म्हणाले, ‘न सापडलेल्याचे मार्क कसे देऊ? आणि नाशिकला समुद्र कधी आला?’ सगळे हसले. चहा आला. पोरगं काठावर पास झालं आणि पुढे कीटकनाशकांच्या दुकानात लागलं. ती स्लाइड अजून माझ्या कपाटात आहे.

आता त्या यादीबद्दल. जपानच्या ओकिनावाच्या बाजूला ताकेतोमी बेटावर चांदण्यांच्या आकाराची वाळू मिळते. कॅल्कॅरिना नावाच्या फोरॅमिनिफेराची आणि तिच्या भावकीची कवचं ती. पर्यटक बाटलीत भरून नेतात. तिकडून पूर्वेला हवाईला जा. उथळ पाणी आहे, ऊन आहे, प्रवाळ आहे, अँफिस्टेजिनाही आहे, पण या चांदण्या नाहीत. पश्चिम पॅसिफिककडून पूर्वेला सरकावं तशा उथळ पाण्यातल्या जाती कमी होत जातात. हे जीव पोहत नाहीत. त्यांची बारीक पिल्लं प्रवाहाबरोबर किंवा तरंगत्या शेवाळाला धरून जमेल तिथवर जातात. कोण पोचलं आणि कोण वाटेतच राहिलं, हे कळायला दूरचं एकाकी बेटच लागतं. तिथली गैरहजेरी हीच नोंद. ‘शेवटी वाळूच ना’ म्हणणाऱ्याला हे दिसणार कसं?

शिवाय पॅसिफिकमधल्या तुवालूच्या फुनाफुटीसारख्या बेटांवर किनाऱ्याची वाळू मुख्यतः याच कवचांची असते. मार्शल बेटांतल्या माजुरोला दाट वस्तीजवळ जिवंत फोरॅमिनिफेरा फार विरळ झाल्याचं आढळलं. घाण पाणी त्यांना सोसत नाही. तेच संपले तर नवी वाळू कुठून येणार? तिकडे रात्री रेतीचे डंपर काही येत नाहीत.

राहिला नाशिकच्या समुद्राचा प्रश्न. आपण ज्या काळ्या पाषाणावर राहतो त्याच लाव्ह्याचे थर पार राजमहेंद्रीपर्यंत गेले आहेत. तिथल्या खाणींत दोन थरांच्या मधल्या सागरी गाळात फोरॅमिनिफेराच सापडले, आणि डायनोसॉर संपले त्या काळाशी या लाव्ह्याचं नातं लावताना ते कामी आले. आपल्या त्र्यंबकेश्वरची गोदावरीच तिथून वाहते. परीक्षकसाहेब हयात असतील तर त्यांना कळवा.

करदात्यांच्या पैशांची आपल्याला फार काळजी दिसते. चांगलं आहे. तेवढीच वर्गणीदारांच्या पैशांचीही करावी. गेले काही रविवार शब्दकोड्याच्या उभ्या सूचना अर्ध्यावर कापून तिथे फ्लॅटची जाहिरात येते. खुलासा छापणार असाल तर तो त्या जाहिरातीच्या जागी छापा, कोड्याच्या नको.

आपला,
भूशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक,
गंगापूर रोड, नाशिक