प्रिय सच्या, चिऊला ती रशियन राणी दाखव

प्रिय सच्या,

परवा फोनवर तू विचारलंस की चिऊला ती जुनी रशियन कार्टून फिल्म ‘स्नो क्वीन’ दाखवू का, सहा वर्षांची आहे, घाबरेल का, आणि तेवढ्यात तुझा दुसरा कॉल आला. तर उत्तर असं की हो, दाखव, थोडी घाबरेल, घाबरू दे. बाकीचं लिहून पाठवतोय, लांबणार आहे, चहा घेऊन बस.

एक आधीच सांगतो. चिऊला ती ‘फ्रोझन’ पाठ झालीये म्हणालास ना, तिचा आणि हिचा संबंध अगदी नावापुरता. मूळ एकच, डॅनिश लेखक अँडरसनची १८४४ ची गोष्ट, पण डिस्नेवाल्यांनी बर्फ घेतलं, राणी घेतली आणि बाकी सगळं आपल्या मनाने रचलं. रशियन फिल्म १९५७ ची, मॉस्कोच्या सोयुझमुल्तफिल्म स्टुडिओची, तासाभराची असेल, आणि ती गोष्टीला बऱ्यापैकी धरून चालते. डायरेक्टर लेव अतामानोव. हा माणूस मूळचा आर्मेनियन, युद्धाच्या आधी येरेवानला जाऊन तिथे कार्टून काढत होता, आणि गंमत म्हणजे ‘स्नो क्वीन’च्या तीन वर्षं आधी त्याने ‘सोनेरी हरीण’ नावाची फिल्म केली होती ती चक्क भारतातल्या लोककथांवरून. हत्ती, जंगल, अनाथ पोरगा आणि एक हावरट राजा, हरणाच्या खुरांतून सोन्याच्या मोहरा पडतात, पण राजा ‘पुरे’ म्हणाला की सगळ्याची खापरं होणार, आणि सोन्यात गळ्यापर्यंत बुडाल्यावर तो म्हणतोच शेवटी. तीही दाखव नंतर, छोटीशीच फिल्म आहे.

आता मुद्द्यावर येतो. अँडरसनच्या गोष्टीत जागोजागी देव आहे. आरसा सैतानाने बनवलेला असतो, तो आकाशातून पडून फुटतो आणि त्याचे तुकडे जगभर लोकांच्या डोळ्यांत जातात. शेवटी गेर्दा, म्हणजे राणीने पळवलेल्या मित्राला शोधत निघालेली पोरगी, राणीच्या महालापाशी पोचते तेव्हा ती ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणायला लागते, थंडीत तिच्या श्वासाची वाफ होते आणि त्या वाफेतून देवदूत तयार होऊन राणीच्या सैन्याला फोडून काढतात. आता १९५७ साली, देवधर्म न मानणाऱ्या सोव्हिएत राजवटीत, मॉस्कोत हे चालणार होतं का, सांग. मग त्यांनी सैतान काढला, देवदूत काढले, प्रार्थना काढली. आणि आरसा दिला राणीला.

म्हणजे फिल्ममध्ये होतं असं, की आजी दोन्ही पोरांना राणीची गोष्ट सांगतेय, बाहेर बर्फ पडतंय, आणि काई, तो मुलगा, म्हणतो की येऊ तर दे तिला, गरम शेगडीवर ठेवीन, वितळून जाईल. एवढंच. पोराची चेष्टा ती. आणि राणी तिकडे आपल्या महालात बसून आरशात हे सगळं बघत असते, ऐकत असते, ती भडकते, राजदंड घालून आरसा फोडते, खिडकी धाडकन उघडते, तुकडे आत घुसतात आणि काईच्या डोळ्यात आणि काळजात जाऊन बसतात. मग तो तुसडा होतो आणि काही दिवसांनी ती त्याला उचलून घेऊनच जाते. सत्तेवरच्या बाईची चेष्टा केली, तिने ऐकली, आणि पोरगा बर्फात गेला!

आणि ही पटकथा लिहिणाऱ्यांत अतामानोव आणि आणखी एक जण यांच्याबरोबर निकोलाय एर्डमान होता. हा नाटककार, भयंकर तिरकस, आणि १९३३ मध्ये उपहासाच्या कवितांवरून त्याला अटक झाली, तीही एका फिल्मच्या शूटिंगवरून, आणि पाठवलं कुठे तर सायबेरियात, येनिसेयस्कला. तीन वर्षं. त्याने मुद्दाम हे लिहिलं असं मी म्हणत नाही, पण मला एकदा हे माहीत झालं आणि तेव्हापासून तो शेगडीचा सीन आला की पोटात खड्डाच पडतो. चिऊला यातलं काही सांगू नकोस हां, तुझ्यासाठी लिहितोय.

बरं, राणी दिसते कशी ते बघ. ती बाकीच्यांसारखी हलतच नाही. त्या काळात तिथे ‘एक्लेर’ म्हणून पद्धत होती, नटाचं आधी खरं शूटिंग करायचं, मग एकेक फ्रेम कागदावर पाडून त्यावरून चित्र काढायचं. राणी तशी केलीये. त्यामुळे तिची मान वळते, हात उचलला जातो ते इतकं खरं आणि इतकं गुळगुळीत वाटतं की अंगावर काटा येतो, आजूबाजूचे सगळे कार्टून आणि मधे ही एकच बाई खरी. मला एरवी ही पद्धत आवडत नाही, त्या काळातल्या कितीतरी रशियन फिल्म्स तिच्यामुळे लाकडी झाल्यात, पण इथे बसलीये बघ फिट्ट. आवाज मारिया बाबानोवाचा, रंगभूमीवरची मोठी नटी, काचेसारखा आवाज आहे. आणि गेर्दाचा आवाज यानिना झेयमोचा, जी १९४७ च्या सिंड्रेलात स्वतः सिंड्रेला होती. इथे ती जवळजवळ पन्नाशीची आहे, ऐकताना पटणारच नाही.

सुरुवातीला एक छत्रीवाला बुटका येतो, ओले लुकोये, तो अँडरसनच्या दुसऱ्याच गोष्टीतला, इथे निवेदक म्हणून आणलाय. तो फ्योदोर खित्रुकने अ‍ॅनिमेट केलाय, पुढे ज्याने रशियन ‘विनी द पू’ काढला तोच. चिऊ त्याच्यावर खूश होईल. मधला बागेचा भाग, जिथे एक जादूगारीण म्हातारी गेर्दाचे केस विंचरून तिला सगळं विसरायला लावते, तो मला थोडा रेंगाळतो असं वाटतं, तिथे चिऊ चुळबुळ करेल, लाह्या वगैरे तेव्हा काढ. राजवाडा आणि कावळे छान आहेत पण ठीक, पुढे जा.

कारण खरी गोष्ट आहे दरोडेखोरांची मुलगी. सच्या, हा सीन नीट बघ. जंगलात दरोडेखोर गेर्दाची गाडी लुटतात आणि म्होरक्या बाईची मुलगी तिला स्वतःसाठी ठेवून घेते, खेळण्यासारखी. दांडगट, आरडाओरडा करणारी, आणि तिच्याकडे कितीतरी प्राणी आहेत, सगळे बांधून ठेवलेले, कारण तिला माहितीये की सोडलं तर ते जाणार. प्रेम करायची तिची हीच रीत, दोरी बांधायची. आणि ही गेर्दा मात्र एका पोरासाठी अनवाणी निघालीये, ज्याने जाताना तिच्याशी धड बोलणंसुद्धा केलं नव्हतं. दरोडेखोरीण ते ऐकते, रात्रभर तिला काही सुचत नाही, मग रेनडिअर सोडते, गेर्दाला त्याच्यावर बसवते, आणि ते गेल्यावर रडत रडत बाकीचे सगळे प्राणीही सोडून देते. आधीच्या तिच्या ओरडण्यात आणि या रडण्यात जे अंतर आहे ना, ते एवढ्याशा वेळात काढलंय, कुणी काही समजावून सांगत नाही, गाणं नाही काही नाही. ही पात्रं रंगवणाऱ्यांपैकी लिओनिद श्वार्त्समान, पुढे ज्याने चेबुराश्का चितारला, रशियन कार्टूनमधला मोठ्या कानांचा तो प्राणी.

जपानचा मियाझाकी माहितीये तुला, अ‍ॅनिमेशन फिल्म्स काढणारा, तो तरुणपणी तोएई स्टुडिओत होता तेव्हा हे काम सोडावं का या विचारात होता, आणि स्टुडिओच्या युनियनने ही फिल्म दाखवली. ती बघून तो थांबला. हे त्याने स्वतः सांगितलंय, आणि २००७ मध्ये त्याच्या घिब्ली स्टुडिओच्या म्युझियमने ती जपानमध्ये पुन्हा प्रदर्शितही केली. त्याच्या फिल्म्समधल्या त्या हट्टी मुली आठव, आणि मग ही दरोडेखोरीण बघ.

शेवट मात्र थोडा घाईत आहे. गेर्दा पोचते, काई तिला हाकलतो, ती रडते, मग त्यालाही रडू येतं आणि काच निघते. मग राणी येते, आणि मला आवडतं ते हे की मारामारी होत नाही. गेर्दा समोर उभी राहते, राणी काही न करता नाहीशी होते. देवदूत नाहीत, तलवार नाही. अँडरसनकडे तर राणी त्या वेळी घरीच नसते, ज्वालामुखींकडे गेलेली असते, तेही भारीच आहे म्हणा.

बघायची तर रशियन आवाजातच बघ, खाली सबटायटल्स लावून, आणि तू शेजारी बसून मराठीत सांगत जा. १९५९ मध्ये अमेरिकेत इंग्लिश डबिंग करून आणली होती, त्यात सुरुवातीला खऱ्या माणसांचा एक भाग चिकटवलाय आणि संगीतही बदललंय, ती नको. मूळ संगीत आर्तेमी आयवाझ्यानचं, तोही आर्मेनियन, ते चुकवू नकोस.

खिडकी उघडून काचा आत येतात तेव्हा चिऊचा हात धर, बाकी काही लागणार नाही. आणि बघून झाल्यावर तिला कोण आवडलं ते मला कळव, माझी पैज दरोडेखोरणीवर आहे, वहिनी गेर्दा म्हणतील. काका-काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
बंड्या