घोडीच्या दोन्ही बाजूंनी चालणाऱ्यांचे आभार

आमचा मुलगा स्वमग्न आहे. पुण्याजवळच्या एका तबेल्यात तो उपचार म्हणून घोडीवर बसतो, तेव्हा एक जण लगाम धरून पुढे असतो आणि दोघं दोन्ही बाजूंनी, त्याच्या मांडीवर हात ठेवून चालतात. तुम्हाला गाजावाजा नको, म्हणून नावं न घेता लिहिते आहे.

घोडा चालला की स्वाराची कंबर माणूस चालताना हलते तशीच हलते. त्या एकसारख्या ठेक्यात आमचं पोर निवांत होतं. पोलिओ झालेल्या डेन्मार्कच्या घोडेस्वार लिस हार्टेल यांनी 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये अश्वारोहणात रौप्यपदक मिळवलं, तेव्हा या उपचाराकडे अनेकांचं लक्ष गेलं. याने स्वमग्नता जात नाही. तुम्ही तशी खोटी आशा कधी दाखवली नाहीत, याचे विशेष आभार.

मोतद्दार मामा, तुम्ही त्याच्या हातात घोडीचं अंग घासायचा खरारा दिलात. तो थांबला की तुम्हीही थांबायचात, घाई नाही. कुणाचा हात लागलेला न खपणारा हा मुलगा आता घोडीच्या मानेला गाल टेकवतो!

धाकटीलाही तुम्ही गाजर भरवायला बोलावता. एरवी तिच्या वाट्याला नुसतं ताटकळणंच येतं. आम्हा दोघांना कुंपणाशी खुर्च्या, चहा, आणि ‘याला काय झालंय?’ असं विचारणारं कुणी नाही. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.