फायबरची जुनी होडी म्हणजे नुसतं भंगार नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कोकणातल्या होड्यांवर तुमच्या पेपरात अधूनमधून चांगले लेख येतात, फोटोही मस्त असतात, फक्त दर वेळी गोष्ट तीच असते की लाकडी होडी गेली, बांधणारे मिस्त्री गेले आणि त्यांच्या जागी ही फायबरची प्लॅस्टिकछाप होडी आली. म्हणजे फायबरची होडी कायम व्हिलन. आणि मग किनाऱ्यावर जुन्या फायबरच्या होड्या कापून जाळतात त्याची बातमी कधी आलीच तर ती कचरा आणि प्रदूषण म्हणून येते, जी खरीच आहे, कारण काळा धूर तर निघतोच आणि रेझिन (धागे चिकटवून कडक करणारं रसायन) जळून गेल्यावर काचेचे धागे तसेच वाळूत राहतात. माझं म्हणणं जरा वेगळं आहे. जाळलं जातंय ते काय आहे हे कोणी बघतच नाही.

माझा चुलतभाऊ दर्यावर जाणारा, मी आपला नोकरीवाला, आम्ही दोघं मिळून खाडीत कित्येक वर्षं पडून असलेली एक जुनी फायबरची होडी दुरुस्त करतोय. आधीचा मालक म्हणाला घेऊन जा, जागा तरी मोकळी होईल. ऑइलपेंटचे थर तर विचारू नका, निळा, त्याखाली लाल, त्याखाली हिरवा, दर नारळी पौर्णिमेला कोणीतरी वरून एक हात मारलेला. सगळं घासून जेलकोटपर्यंत, म्हणजे फायबरच्या मूळ बाहेरच्या गुळगुळीत थरापर्यंत गेलो तेव्हा दादाने मला हाक मारली आणि म्हणाला, "हात फिरवून बघ." फायबरमध्ये फळ्यांचे सांधे! एकेक फळी वेगळी कळते, खिळ्यांची डोकी कळतात, एका ठिकाणी लाकडाची गाठ आहे, आणि उजव्या बाजूला पाण्याच्या रेषेजवळ चक्क एक ठिगळ आहे, म्हणजे मूळ लाकडी होडीला कोणीतरी कधीतरी तुकडा मारून दुरुस्त केलं होतं ते ठिगळसुद्धा फायबरमध्ये उतरलंय.

हे कसं होतं तर फायबरची होडी साच्यात बनते आणि साचा बनवायला आधी एक होडी लागते. नवीन डिझाईन काढून घेण्याएवढे पैसे छोट्या कारखान्यांकडे कुठून येणार, मग गावातली एखादी चांगली पाण्याला बसणारी लाकडी होडी घ्यायची, घासूनपुसून तिला वॅक्स लावायचं आणि तिच्यावरच मॅट (काचेच्या धाग्यांची चादर) आणि रेझिनचे थर चढवून साचा काढायचा. कितीही घासली तरी फळ्यांची रेष थोडी राहतेच. नंतर ती लाकडी होडी सडून जाते, मिस्त्री जातात, त्यांनी कागदावर तर कधी काही काढलेलंच नसतं, सगळं डोळ्याच्या मापाने. आणि तिचा आकार मात्र फायबरमध्ये शिल्लक राहतो. म्हणजे ज्या लाकडी होडीसाठी आपण लेखात हळहळतो तिचा ठसा या व्हिलनच्या अंगावरच आहे, आणि तीच आपण रॉकेल ओतून जाळतोय.

आमची होडी कोणी बनवली हे शोधायला गेलो तर काही म्हणजे काही हाती लागेना. बाजूला रंगवलेला नंबर रजिस्ट्रेशनचा, त्यावरून मालक कळेल, बांधणारा नाही. अमेरिकेत १ नोव्हेंबर १९७२ नंतर बनलेल्या प्रत्येक बोटीच्या मागच्या बाजूला १२ अक्षर-आकड्यांचा नंबर असतो आणि त्यातली पहिली तीन अक्षरं म्हणजे कंपनी, त्यामुळे तिकडे कोणी जुनी बोट उचलली की बसल्या जागी तिची कुंडली निघते. बॉस्टन व्हेलर म्हणून तिकडची एक प्रसिद्ध फायबर बोट आहे, १९५८ पासूनची, ती बुडत नाही हे दाखवायला मालक डिक फिशरने तिच्यात बसूनच ती मधोमध करवतीने कापली होती आणि ते फोटो १९६१ मध्ये लाइफ मासिकात आले होते. त्या बोटींची जुनी माहितीपत्रकं लोक आजही जपून ठेवतात. लांब कशाला, आपल्याच देशात पूर्व किनाऱ्यावर एफएओच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या, बे ऑफ बेंगॉल प्रोग्रामने लाटांतून थेट किनाऱ्याला लागणाऱ्या फायबरच्या होड्यांवर काम केलं, त्याचे रिपोर्ट आहेत. आपल्याकडच्या वाडीवाडीतल्या शेडमध्ये झालेल्या कामाचं कोणी काय लिहून ठेवलंय?

शेवटी माहिती मिळाली ती बंदरावरच्या म्हाताऱ्यांकडून. त्यातल्या एकांनी होडीला वळसा घातला, नाळेचा, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाचा कोन बघितला आणि म्हणाले ही आपल्या इथली नव्हे, ही खाडीत चालणारी आहे, उघड्या समुद्राच्या लाटेला हिची नाळ एवढी बुटकी ठेवली नसती. दुसऱ्यांनी ते खोडून काढलं. मग दोघांचं जे काय भांडण झालं त्यातून मला जेवढं कळलं तेवढं कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं.

दुरुस्तीचं म्हणाल तर लोकांना वाटतं फायबर म्हणजे कायमचं, त्याला काय होतंय. फायबरला फारसं होत नाही हे खरं, सडतं ते आतलं लाकूड. मागच्या ज्या भिंतीवर आऊटबोर्ड मशीन बसतं तिच्यात प्लाय असतं आणि मशीनच्या बोल्टच्या भोकांतून पाणी आत जातं. छोट्या हातोडीने ठोकत जायचं, चांगल्या जागी टणटण वाजतं आणि सडलेल्या जागी नुसतं ठप्प. आम्ही आतून भोक पाडलं तर काळं पाणी आलं आणि मागोमाग चहाच्या चोथ्यासारखं लाकूड. सगळं खरवडून काढून नवीन ७१० मार्कचं मरीन प्लाय घातलं, कडा रेझिनने नीट बंद केल्या, बोल्टची भोकं आधी मोठी पाडून भरली आणि मग परत पाडली म्हणजे पाणी प्लायपर्यंत जाणारच नाही. तळाला बारीक फोड होते, ते फोडले की आंबूस व्हिनेगरसारखा वास येतो, ते उघडून धुवून पूर्ण सुकू द्यायला लागतात, ओल्यावर पुट्टी मारली तर वर्षाच्या आत परत फोड.

एक गोष्ट पेपरात छापून यावीच म्हणून लिहितो, कारण पोरं मोबाईलवर बघून हे काम करायला लागलीत. दुकानात रेझिनसोबत हार्डनर (रेझिन कडक करणारं) आणि कोबाल्ट (ते लवकर कडक व्हावं म्हणून) अशा दोन बाटल्या देतात. त्या दोन्ही एकमेकांत थेट कधीही ओतायच्या नाहीत, पेट घेऊ शकतं. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये घालून पूर्ण ढवळायचं आणि हार्डनर त्यानंतर. हार्डनर डोळ्यात गेलं तर डोळा जाऊ शकतो, चष्मा लावा. आणि घासताना साधा रुमाल बांधून चालत नाही, चांगला मास्क घ्या, ती काचेची धूळ आहे.

आता गंमत बघा, आपल्याकडे मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै, होड्या वर ओढलेल्या असतात, माणूस घरी असतो, दुरुस्तीला वेळ तेव्हाच. आणि फायबरच्या कामाला सगळ्यात वाईट हवा तीच. दमट हवेत रेझिन चिकट राहतं, मॅट ओल पकडते, थर नीट धरत नाही. मग सीझनमध्ये दोन-तीन दिवस घाईघाईत काढून होडी थापायची आणि पाण्यात लोटायची, ती वर्षभरात परत गळते, असं दोनदा झालं की माणूस कंटाळतो आणि नवीन घेतो. सबसिडी किंवा लोनचा विचारही नव्या होडीसाठीच होतो, जुनी दुरुस्त करायला कोण काय देतंय? प्रत्येक बंदरावर एक मोठी कोरडी शेड, जिथे पावसात पण चार होड्या आत घेऊन काम करता येईल, एवढं जरी झालं तरी निम्म्या होड्या भंगारात जायच्या वाचतील असं दादाचं मत आहे आणि मला ते पटतं.

दुसरं म्हणजे नोंद. रत्नागिरीला शिरगावात मत्स्य महाविद्यालय आहे, तिथल्या मुलांना प्रोजेक्ट लागतातच. होडी तोडायच्या आधी फूटभर अंतराने तिची मापं घ्यायची, ओळंबा, टेप आणि खडू एवढंच लागतं, दोघांना अर्धा दिवस पुरतो. सोबत चारही बाजूंनी फोटो, आणि कुठल्या होडीवरून साचा काढला, कोणी काढला हे मालकाकडून विचारून लिहून घ्यायचं. सगळ्या होड्या वाचवा असं मी म्हणतच नाही, तेवढी जागा पण नाही किनाऱ्यावर, बऱ्याच खरंच संपलेल्या आहेत. त्यांचा आकार तेवढा कागदावर येऊ दे.

आणि साचे! होड्यांपेक्षा ते महत्त्वाचे. जुन्या कारखान्यांचे साचे अजून कोणाच्या परड्यात उपडे पडलेले असतील, कोणी त्याखाली लाकडं ठेवली असतील, कोंबड्या पाळल्या असतील. ज्यांच्याकडे असे आहेत त्यांनी गाव आणि एखादा फोटो पेपरकडे पाठवावा आणि तुम्ही तो जागा मिळेल तसा छापावा अशी विनंती. आमच्या होडीचा साचा सापडला तर उत्तमच, म्हणजे त्या दोन म्हाताऱ्यांचं भांडण तरी मिटेल.

आपला,
एक वाचक, ता. दापोली, जि. रत्नागिरी