जांभूळ राखलंत, मामा

ती. माळीमामा, सा. नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागले, तर तुम्ही "त्यात काय एवढं ताई" म्हणून विषयच संपवलात. म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

गेल्या जूनमध्ये फरशीवरच्या जांभळांच्या चिखलावरून आई घसरली आणि तिचं मनगट मोडलं. झाड वडिलांच्या हातचं, तरी त्या रात्री मी ते तोडायचंच ठरवलं. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, तो अर्जही लिहून ठेवला. दुसऱ्या दिवशी तुम्ही कुंपण छाटायला आलात, सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "आठ दिवस थांबा."

आईच्या दोन जुन्या नऊवारी मागून घेतल्यात आणि झाडाखाली कमरेच्या उंचीवर झोळीसारख्या ताणून बांधल्यात. रात्री पडलेली जांभळं सकाळी झोळीत अख्खी, टपोरी! खाली फुटलेली मूठभरच. ती ऊन चढायच्या आत, डाग वाळायच्या आधी, पाणी मारून खराट्याने लोटायची, हेही तुम्हीच शिकवलंत. माश्या गेल्या. शेजारच्यांच्या तक्रारी थांबल्या, उलट त्यांच्याकडे वाटीभर जांभळं जाऊ लागली.

पाल्याचं तर मी कधी नावच काढलं नव्हतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये जांभळाची पानं इतकी गळतात की सकाळी झाडलेलं अंगण दुपारी पुन्हा भरतं. मी ती पोत्यांत कोंबून ठेवायचे आणि वर्षभर ती तशीच कडकडीत राहायची. तुम्ही कोंबड्यांच्या जाळीचा गोल पिंजरा केलात, पाला पायांनी चुरून थर लावलेत आणि प्रत्येक थरावर शेणकाला, थोडं आंबट ताक शिंपडलंत. मग एक मूठ माझ्या हातात दिलीत: "दाबा. हात ओलसर झाला पाहिजे, पाणी गळता कामा नये." तो ओला, उबदार पाला अजून तळहाताला आठवतो. दर आठवड्याला मी तशीच मूठ दाबून बघते.

दिवाळीत पिंजरा उचलला, तर तळाशी काळंभोर, भुसभुशीत खत. पहिल्या पावसानंतर मातीला येतो तसा वास. आईने त्याच हाताने कुंडीत मोगरा लावला.

अर्ज मी फाडून टाकलाय. झोळ्या कालच पुन्हा बांधल्या, गाठी तुमच्यासारख्या जमल्या नाहीत. तुमच्यासाठी एक पोतं खत बाजूला काढलंय, पावसाच्या आत घेऊन जा. आई म्हणते, जेवायलाच या.

तुमची,
जांभळाच्या घरची ताई