चौथी ओळ उसवू का?

तीर्थरूप आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

रोज फोनवर बोलतो, तरी पत्र लिहितेय. फोनवर आई पहिला प्रश्न पायाचा विचारते, दुसरा झोपेचा, आणि तिसऱ्यापर्यंत पोचायच्या आत बाबा फोन घेऊन "ठेव आता, आराम कर" म्हणतात. मला जे सांगायचंय ते तिसऱ्या प्रश्नानंतरचं आहे.

पाय बरा आहे. प्लास्टर अजून तीन आठवडे. मोडला तो नेमका उजवा घोटा, त्यामुळे कपाटातून काढलेलं माझं शिवणयंत्र डाव्या पायाने चालवायला शिकले. गाडी शिकणाऱ्या माणसासारखी गत. एकतर हलतच नाही, नाहीतर सुसाट सुटते. मैत्रिणीला दया आली आणि तिने तिचं भरतकामाचं मशीन आणून दिलं. त्याला पेडल लागत नाही, बटण दाबलं की आपलं आपण चालतं. मोडक्या पायाच्या बाईला आणखी काय हवं?

पहिल्याच दिवशी त्याने दोरा खाल्ला. वरून टाके बरे दिसत होते, खाली मात्र हा एवढा गुंता. गुंता खाली म्हणजे दोष बॉबिनचा, खालच्या दोऱ्याच्या त्या छोट्या रिळाचा, असं सरळ गणित करून मी दोन तास बॉबिन काढत-घालत बसले. पुसलं, फुंकलं, रीळ बदललं, शिव्या दिल्या. शेवटी तुम्हाला फोन केला, तर आईने एवढंच विचारलं, "ओवताना पाय वर होता का?" मी म्हटलं, "हो, वरच आहे, दोन उशांवर ठेवलाय." पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग आई जी हसायला लागली ती थांबेचना.

मशीनचा पाय, कापड दाबून धरतो तो! तो खाली असताना वरचा दोरा ओवला तर ताणाच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यात शिरतच नाही. मग त्याला धरून ठेवणारं कुणी नसतं, तो खाली वाहत जातो आणि तिथे घरटं करतो. चूक वरच्यांची, पसारा खालच्यांकडे. बाबा, तुमच्या ऑफिसच्या गोष्टी आठवल्या.

आई, फोन ठेवल्यावर लक्षात आलं की तू अशी हसलेली मी बऱ्याच महिन्यांत ऐकली नव्हती. हे पत्र त्या हसण्यामुळे लिहितेय.

आधी बाबांचा प्रश्न मिटवते, नाहीतर ते पुढचं वाचणार नाहीत. मशीनला कळतं कसं, कुठे टाका घालायचा? बाबा, सुई बिचारी फक्त वर-खाली करते. हलते ती रिंग. कापड रिंगमध्ये बसवलेलं असतं, आणि ती अख्खी रिंग डावी-उजवी, पुढे-मागे सरकते. नक्षीची फाइल म्हणजे चित्र नसतंच. इतकं उजवीकडे, इतकं वर, टाका. आता इतकं डावीकडे, टाका. अशी हजारो सूचनांची यादी असते. तुमच्या आलेखाच्या कागदावरचे बिंदूच म्हणा ना.

आणि ही युक्ती संगणकाच्या कितीतरी आधीची. फ्रान्समधल्या मुलूझच्या जोझुए हाइलमानने १८२८ मध्ये भरतकामाचं यंत्र केलं. त्यातल्या सुया दोन्ही टोकांना अणकुचीदार, नेढं मधोमध, म्हणजे सुई न उलटवता कापडातून इकडून तिकडे आणि तिकडून इकडे जायची. कारागीर सहापट मोठ्या काढलेल्या चित्रावर पँटोग्राफचं, म्हणजे चित्र लहान-मोठं करून उतरवणाऱ्या सांगाड्याचं, टोक टाक्यागणिक पुढे ठेवत जायचा, आणि तिकडे उभं ताणलेलं कापड सहाव्या हिश्शाने सरकायचं. पँटोग्राफ, बाबा! कपाटात सगळ्यात वर ठेवलेला तुमचा तो लाकडी सांगाडा, ज्याला हात लावला म्हणून मी लहानपणी मार खाल्ला होता. आता कळलं ना, तुम्ही आणि आई एकाच धंद्यातले आहात?

सुईच्या पाकिटावर ७५/११ असं काही लिहिलेलं असतं तेही तुम्ही विचारणारच. ७५ म्हणजे सुईची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत, म्हणजे पाऊण मिलिमीटर. ११ हा त्याच मापाचा दुसऱ्या पद्धतीतला नंबर. झालं समाधान?

तर भरतकाम. पहिलं पान काढलं ते मशीनवर इतकं देखणं दिसलं की मी फोटोच पाठवणार होते. रिंग सोडली आणि पानाभोवती कापड चुरमुरलं. कापड रिंगमध्ये बसवल्यावर मी कडा धरधरून ते ढोलकीसारखं ताणलं होतं. ताणलेल्या कापडावर टाके पडले, रिंग सुटल्यावर कापड मूळ मापावर आलं, टाके काही आले नाहीत. कापड रिंगमध्ये नीट सपाट बसवायचं, ओढायचं नाही, आणि खाली बॅकिंगचा कागद द्यायचा. ताण सोसायचं काम त्याचं. हे तीन रुमाल वाया गेल्यावर कळलं. चौथ्याची उलटी बाजू पाहिली तर भरीव पट्ट्यांत मधे एक तृतीयांश बॉबिनचा पांढरा दोरा आणि दोन्ही कडांना वरचा हिरवा. असं दिसलं म्हणजे ताण जमला. आई, मी अर्धा तास त्या उलट्या बाजूकडेच बघत होते.

तरी खरं सांगू? मशीनच्या भरतकामात माझा जीव रमला नाही. १२,००० टाक्यांचं डिझाइन, मिनिटाला ६०० टाके, म्हणजे २० मिनिटांत काम तमाम. माझं काम काय, तर ते थांबून पुढचा रंग मागेल तेव्हा दोरा बदलून द्यायचा. लहानपणी तू शिवायला बसलीस की मी शेजारी सुया ओवून द्यायला असायचे, तसंच. त्यातून बढती झालीच नाही. ज्यांना आवडतं त्यांना आवडो, त्यातली कसरत सगळी आधीची आहे, कापड, कागद, रंग निवडण्याची. आणि तीही काही कमी नाही. पण मला हाताला काहीतरी हवं होतं.

म्हणून गोधडी शिवायला घेतली. हसू नकोस.

जुने शर्ट, ओढण्या, एक पडदा, सगळं आधी धुऊन घेतलं, म्हणजे आटायचं ते आत्ताच आटेल आणि रंग जायचा तो आत्ताच जाईल. चौकोन कापले. एका ओळीत १२, अशा १२ ओळी. शिलाईसाठी प्रत्येक कडेला पाव इंच सोडायचं, एवढा एकच नियम. मला वाटलं, पाव इंच काय, डोळ्याने कळतं. नाही कळत! माझी टीप पाव इंचापेक्षा जेमतेम १ मिलिमीटर जास्त आत पडत होती. एक मिलिमीटर, केस दोन केस म्हणा. पण प्रत्येक सांध्यात तो दोन्ही तुकड्यांचा जातो, म्हणजे २ मिलिमीटर. १२ चौकोनांच्या ओळीत ११ सांधे. ओळ २२ मिलिमीटरने आखूड. पहिल्या तीन ओळी मी अशाच शिवल्या, तिन्ही सारख्याच चुकल्या, म्हणून एकमेकींशी छान जुळल्या. चौथीच्या आधी मशीनवर पाव इंचाला चिकटपट्टी लावली, तेव्हा कुठे ती बरोबर आली. आता चुकीच्या तीन एकीकडे, बरोबर असलेली चौथी दुसरीकडे, आणि दोघींमध्ये जवळपास एका इंचाचं भांडण. सगळी गोधडी तिथे अडलीय.

अडल्यावर मी काय केलं असेल? तुझी गोधडी काढली. मी घर सोडताना तू बॅगेत कोंबलेली, तीच. तेव्हा मी म्हटलं होतं, "चिंध्या कशाला, विकत मिळतं की सगळं." तू काही बोलली नव्हतीस, बॅगेची चेन लावलीस फक्त. बारा वर्षं पांघरतेय, पण उलटी करून कधी पाहिली नव्हती. परवा पाहिली. सरळ-उलट दोन्हीकडे धावदोऱ्याचे टाके तांदळाएवढे, आणि गाठ एकही नाही. पहिल्यांदा वाटलं, म्हातारीने गाठी न मारताच शिवली. मग एका कोपऱ्यात, जिथे अस्तर विरलंय, तिथून आत बघितलं. मधल्या कापसात, दोन थरांच्या पोटात, एवढीशी गाठ. दोरा हलकेच खेचून, टक्‌ असा आवाज येईपर्यंत, तू प्रत्येक गाठ आत घालत होतीस. तो आवाज मला आठवतो गं. दुपारी झोपेत ऐकू यायचा. तो कशाचा ते आत्ता कळलं.

मी स्वतः करून पाहिलं. जोरात खेचलं तर गाठ दुसऱ्या बाजूने बाहेर, हळू खेचलं तर आत जातच नाही. दहातल्या दोन जमल्या. आणि मी याला टाइमपास म्हणायचे.

आता मुद्द्याचं. तुझं कापडांचं गाठोडं आठ महिने कपाटावर आहे, हे मला बाबांनी सांगितलं. (बाबा, सांगितलंत ते बरं केलंत.) बोटांचे सांधे धरतात, चिमटीत सुई राहत नाही, हे मला ठाऊक आहे, तीन थरांतून सुई काढ असं मी म्हणणारच नाही. आणि बाबा गुडघ्यामुळे घरात, शब्दकोडं नऊ वाजता सोडवून मोकळे, मग दिवसभर खिडकी. तुम्ही दोघं त्या घरात बसून, मी या घरात बसून, आणि तिघंही एकमेकांना आराम करा म्हणून सांगतोय.

त्यापेक्षा हे करा. कागदावरच्या षट्कोनांची गोधडी असते. मशीन लागत नाही, मांडीवर होते. बाबा, हे तुमच्यासाठी: कंपासने एक इंच त्रिज्येचं वर्तुळ काढायचं आणि कंपास तसाच ठेवून परिघावर सहा खुणा करायच्या. षट्कोनाची बाजू आणि वर्तुळाची त्रिज्या सारखीच, हे मी तुम्हाला शिकवावं असे दिवस आलेत. जाडसर कागदाचे असे शंभरेक कापा. माप चुकलं तर माझ्यासारखं होईल, म्हणून हे काम आईकडे नाही, तुमच्याकडे. कापडही तुम्हीच कापायचं, कागदापेक्षा सगळीकडून पाव इंच जास्त.

आई, तू कापड कागदावर दुमडायचं. कच्चे टाके घालत बसू नकोस. धुतल्यावर निघून जाणाऱ्या गोंदाची कांडी मिळते, तिचा कडेने एकेक ठिपका दिला की कापड धरून राहतं, चिमटी लागत नाही. मग दोन षट्कोन तोंडाला तोंड लावून कडेकडेने बारीक टाके. त्यात कापडाचे दोन-दोन पदर, तेही कडेचेच, कापूस नाही, बोटांना जोर नाही. कडा सगळीकडून जोडल्या गेल्या की कागद काढून बाबांना परत, पुन्हा वापरता येतात. मधे एक आणि भोवती सहा, असं सात तुकड्यांचं एक फूल. दिवसाला एक झालं तरी पुष्कळ, नाही झालं तर कुणी हजेरी घेत नाही.

ओवायचा त्रास असेल तर डोक्याला खाच असलेली सुई मिळते, दोरा वरून दाबला की आत जातो. सोबत चार पाठवतेय. तू मला शिकवलेलंच परत सांगते: दोरा तिरका काप, नेढ्यामागे पांढरा कागद धर. सकाळी बोटं आखडलेली असतात तेव्हा बसू नकोस, दुपारी बस. आणि कात्री बाबांच्या बाजूच्या टेबलावर ठेवा, म्हणजे दर थोड्या वेळाने एकाला तरी उठावं लागेल. माझी इस्त्री मी प्लास्टर सुटलं की दुसऱ्या खोलीत हलवणार आहे, त्याच कारणासाठी. इस्त्रीवरून आठवलं, सांध्यांवर इस्त्री फिरवायची नाही, ठेवायची आणि उचलायची, हे तू ओरडायचीस तेव्हा मला तो नुसता तुझा हट्ट वाटायचा. फिरवली की चौकोन तिरका होतो. झाला.

फुलं झाली की माझ्याकडे पाठवा. मोठं कापड, कापूस, अस्तर, तीन थर एकत्र करून मधून बाहेरच्या दिशेने टीप मारायची ढोरमेहनत मी करेन, डाव्या पायाने का होईना. गाठी मात्र मी आत घालणार नाही, त्या तू इथे आलीस की घालायच्या. दहातल्या दोनवर गोधडी होत नाही.

आणि आता तिसरा प्रश्न. यावेळी मी विचारते. सोबत माझ्या चार ओळी घडी करून पाठवल्यात. पहिल्या तीन उसवून पुन्हा शिवू, की चौथीच मुद्दाम चुकवून त्यांच्याएवढी करू? बाबा म्हणतील उसव. पण आई, तू हातात धरून बघ, कडेला ओढून बघ, आणि सांग. तोवर मी पाचवीला हात लावत नाही.

तुमची,
धाकटी

ता. क. बाबा, पँटोग्राफ खाली काढा. हात लावणार नाही, नुसता बघेन.