सुध्या, तो अंगठा मागे घे

प्रिय सुध्या (प्रिय हे सवयीने, राग अजून आहेच),

परवा रात्री तुला तीन वेळा फोन केला, उचलला नाहीस. मग मेसेज टाकला की ओवीच्या खोलीतलं, माशांच्या टँकमधल्या झाडांना गॅस देणारं सीओटूचं सिलेंडर आजच्या आज बाहेर काढ, कारण नंतर सांगतो. त्यावर तू अंगठा पाठवलास. नुसता अंगठा! दिवाळीपासून आपलं बोलणं बंद आहे, त्यात माझी चूक किती नि तुझी किती ते कधीतरी टपरीवर बसून ठरवू, पण तुला मी ओळखतो ना बे, तुझा अंगठा म्हणजे "वाचलं, बघू कधीतरी". म्हणून हे एवढं लांबलचक लिहून राहिलो. आमच्याकडे सगळे बरे. बाबांचं बीपी गोळीवर, माझी पाठ आहे तशीच.

तर झालं असं. रविवारी 12 ला लाईट गेले ते थेट 3 ला आले. बाहेर 44. घर म्हणजे नुसती भट्टी, आणि आमचा टँक पश्चिमेच्या भिंतीला, सिलेंडर त्याच्या खालच्या कॅबिनेटमध्ये, तुला माहितीच आहे, दुपारनंतर ऊन खिडकीतून थेट कॅबिनेटच्या अंगावर येतं. लाईट आले, कूलर सुरू झाला, बाबा हॉलमध्ये फरशीवर चटई टाकून झोपलेले, मी किचनमध्ये पन्हं ढवळतोय आणि एकदम धाडकन आवाज आणि त्याच्या मागोमाग कुकरच्या शंभर शिट्ट्या एकत्र. बाहेर येऊन बघतो तर कॅबिनेटचं दार बिजागरीतून निघालंय आणि सिलेंडर फरशीवर पडून भोवऱ्यासारखं फिरतंय आणि सगळा हॉल पांढरा. दिवाणाच्या पायाला आपटून थांबलं. बाबा उठून बसले आणि मला म्हणतात, "अरे, कुकर उतरव ना." खरंच हेच म्हणाले. मी त्यांना हाताला धरून अक्षरशः ओढत जिन्यात आणलं. नाकात ते झणझण, सोडा पिऊन ढेकर नाकातून आल्यावर होतं ना, तसं. वरच्या काकूंनी "गॅस फुटला, गॅस फुटला" करून अख्ख्या बिल्डिंगचे रेग्युलेटर बंद करवले, रात्री 8 पर्यंत कोणाकडे चहा नाही.

अर्ध्या तासाने आत गेलो. कॅबिनेटच्या आतल्या प्लायवर बर्फ, आपल्या जुन्या फ्रिजच्या फ्रीझरमध्ये साचायचा तसा खरखरीत, आणि कोपऱ्यात थर्मोकोलच्या चुऱ्यासारखे पांढरे तुकडे, ते बघता बघता नाहीसे होत होते. नळी हातात घेतली तर पापडासारखी मोडली. टँकला काही नाही. मासे वर येऊन तोंडं मारत होते, एअर पंप लावला, संध्याकाळपर्यंत सावरले. मृणाल माहेरी होती म्हणून वाचलो. ती आल्यावर काय सांगायचं ते ठरवतोय. ती तशीही म्हणतेच, प्लॅस्टिकची झाडं लाव, पाच वर्षं हिरवी राहतात.

फुटली ती व्हॉल्व्हवरची सेफ्टी डिस्क. पातळ पत्रा असतो, आतलं प्रेशर हाताबाहेर गेलं की तोच फाटायचा, म्हणजे सिलेंडर फाटत नाही. त्याने त्याचं काम केलं. रात्री झोप येईना म्हणून त्या सिलेंडरच्या गळ्यावरचा लाल रंग नेलकटरच्या कानशीने खरवडत बसलो. आग विझवायची ही जुनी सिलेंडरं आपण भंगारातून घेतली तेव्हा कशी चकाचक होती आठवतंय? त्या भंगारवाल्याशी तू घासाघीस केलीस, "दोन घेतो, दोनशे कमी कर", आणि मी तुझ्याकडे कौतुकाने बघत होतो. तर त्या रंगाच्या थराखाली खोदलेलं निघालं: वॉटर कपॅसिटी 3.0 आणि शेवटची टेस्ट 2009 मार्च. सुध्या, दर पाच वर्षांनी हायड्रो टेस्ट लागते. पाण्याने भरून प्रेशर देतात, पाणी दाबलं जात नाही म्हणून फाटलं तरी उडत नाही. आपली दोन्ही एकाच ऑफिसच्या भिंतीवरून उतरलेली. म्हणजे तुझ्यावरही तेच असणार.

आणि गंमत म्हणजे हे सगळे नियम बनवणारं, सिलेंडरला परवानगी देणारं स्फोटकांचं ऑफिस, पेसो, त्याचं मुख्यालय आपल्याच नागपूरच्या सेमिनरी हिल्सला! आपण तिथून रोज डबलसीट गेलोय. त्या दारासमोर एकदा तुझी लूना बंद पडली होती, आठव.

आता वॉटर कपॅसिटी 3.0 चा अर्थ. आत 3 लिटर पाणी मावतं, आणि गॅस भरायचा लिटरमागे साधारण 667 ग्रॅम, म्हणजे 2 किलो, बस. वरची रिकामी जागा भरणाऱ्याने कंजूषपणा केला म्हणून नसते, गॅसला फुगायला लागते. आणि मी मार्चमध्ये भरून आणलं तेव्हा तो पोरगा काय म्हणाला असेल? "आपके लिए थोडा जादा डाल दिया भैया." 400 ग्रॅम जास्त. भाजीवालीने वर कोथिंबीर टाकावी तशी त्याने टाकली आणि मी थँक्यू म्हणालो, बे! नंतर वजनकाट्यावर ठेवून खुश पण झालो होतो.

25 अंशाला यात 64 बार असतं. आपल्या स्वयंपाकाच्या सिलेंडरमध्ये याच्या कितीतरी कमी असतं, म्हणजे बघ. आणि 31 अंशांच्या वर गेलं की आत लिक्विड असं वेगळं राहतच नाही, सगळं एकच दाट काहीतरी होतं, मग प्रेशर किती चढणार हे भरलंय किती त्यावर. नागपुरात 31 म्हणजे होळीनंतरची सकाळ. माझ्या हिशोबाने त्या दिवशी आत दीडशे बारच्या वर असणार, आणि डिस्क पण तेवढीच म्हातारी.

इथपर्यंत सगळं मजेशीर वाटतंय ना? मलाही वाटत होतं, सोमवारी पहाटेपर्यंत. मग मी वहीवर भागाकार केला आणि तेव्हापासून छातीत बसलंय.

2 किलो सीओटू मोकळा झाला की साधारण 1,100 लिटर गॅस. ओवीची खोली तूच मोजून पाठवली होतीस टँकच्या मापासाठी, 9 बाय 10, वर 9 फूट. म्हणजे 23 हजार लिटरच्या आसपास. भाग लाव. पाच टक्क्यांच्या जवळ येतं. साध्या हवेत 0.04 असतो, कारखान्यात आठ तासांच्या पाळीला 0.5 च्या वर चालत नाही, आणि 4 टक्के म्हणजे तिथून ताबडतोब बाहेर पडा. त्यातून हा हवेपेक्षा दीडपट जड, आधी खालीच पसरतो. वास नाही, रंग नाही. मोठ्याने फुटला तर जाग तरी येईल, पण रात्रभर वॉशरमधून नुसता सुसत राहिला तर? आमचे बाबा फरशीवर होते, सुध्या. फरशीवर! कूलर चालू होता, खिडकीतून हवा आत ढकलत होता आणि दार उघडं होतं म्हणून ती सगळी हवा बाहेर गेली. तू आमच्या कूलरला "खिडकीतला म्हशीचा गोठा" म्हणतोस ना, त्या गोठ्याने वाचवलं. तुझ्याकडे एसी. दार बंद, खिडकी बंद, तीच हवा फिरून फिरून. आणि ओवी खालच्या गादीवर झोपते, वर्षानेच टाकलेला फोटो होता तो, निळ्या उजेडात टँक आणि शेजारी ही पालथी. सगळ्यांनी बदाम टाकले होते त्याला. मी पण टाकला होता.

बघ, आता दिवाळीचं पण काढतोच. माझे 14 रमीनोज मासे एका रात्रीत गेले, पाण्यात सीओटू किती ते रंगाने दाखवणारा ड्रॉप चेकर पिवळाधम्मक, आणि तू सगळ्यांसमोर म्हणालास की नंद्याला गॅस कमी-जास्त करायच्या नीडल व्हॉल्व्हला हात लावायची खाज आहे. मी हात लावला नव्हता. मी म्हणालो तू दिलेलं भंगार आहे, ते वाईट बोललो, मान्य. पण ऐक, सिंगल स्टेज, म्हणजे एकाच टप्प्यात प्रेशर उतरवणारा रेग्युलेटर असला की सिलेंडर संपत आल्यावर, आतलं प्रेशर पडायला लागलं की बाहेरचं उलट वाढतं आणि बुडबुडे सेकंदाला दोनचे धो धो होतात. शेवटचा सगळा माल टँकमध्ये. प्रेशरचा काटा शेवटपर्यंत जागचा हलत नाही, हलला म्हणजे लिक्विड संपलंय, त्यामुळे काट्यावर जायचंच नाही, वजन करायचं. म्हणजे खाज माझी नव्हती आणि भंगार पूर्ण भंगार नव्हतं, रेग्युलेटर मात्र तूच निवडला होतास. एवढं लिहून ठेवतो. आणि लक्ष्मीनगरच्या खोलीतली, घरगुती सीओटू बनवायची साखर-यीस्टची बाटली कोणी गच्च बंद केली होती ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही, छतावरचा डाग तिथे अजून असेल.

माझं मी मंगळवारी हिंगण्याच्या एमआयडीसीत एका टेस्टिंगवाल्याकडे नेलं. म्हातारा माणूस, काही मशीन वगैरे नाही, पान्याने एक टोला मारला. शेजारी चांगलं होतं त्याच्यावर मारला तर घंटेसारखं टण्ण, आपलं नुसतं थड. म्हणाला, "ये तो अंदर से खा गया." आत थोडं पाणी राहिलं की गॅसने त्याचा सोडा होतो आणि तो लोखंड खातो. कापून अर्धं अर्धं करायला लावलं, तिथे उभा राहून. बुडाशी गंजाची भुकटी, अख्खी मूठभर.

तू एवढंच कर. मेन व्हॉल्व्ह बंद, रेग्युलेटर काढ. घरात गॅस सोडून रिकामं करत बसू नकोस, तुझा स्वभाव माहितीये. उभंच ने, आडवं केलं की लिक्विड व्हॉल्व्हशी येतं. सावलीच्या गॅलरीत दोरीने बांधून ठेव आणि तपासायला नेशील तेव्हा त्या लाडक्या गाडीच्या डिकीत आडवं टाकून काचा बंद करून एसी लावून जाऊ नको, काचा खाली, सीटला बेल्ट लावून, जावयासारखं बसव. नवीन घेशील तर टेस्टची तारीख बघून, आणि रेग्युलेटर डबल स्टेज. मी घेणार का, माहीत नाही. सध्या लाईट कमी केलाय, झाडं रुसली आहेत, अनुबियाज तेवढं मजेत.

तुझं प्रमोशन कळलं, वर्षाकडून, अभिनंदन. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन जूनमध्येच ना? मी येईन दोन दिवस.

बाबांना अजून वाटतंय इन्व्हर्टरची बॅटरी फुटली. तुझा फोन आला तर तेच म्हण.

आणि गळ्यावरचा फोटो पाठव, आजच. रंग जाड असेल, नेलकटरची कानस बरी पडते.

तुझाच,
नंद्या