पश्चिमेची खिडकी, स्मार्ट काच आणि आपला उन्हाळा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हल्ली मोबाईल उघडला की स्मार्ट काचेच्या जाहिराती येतात. ऊन वाढलं की काच आपोआप गडद होणार, पडदे नकोत, एसीचं बिल कमी, खोली थंड. नागपुरात मे महिन्यात हे वाचलं की कुणालाही वाटणारच की चला, लावून टाकू. आमचा हॉल आणि सासूबाईंची खोली दोन्ही पश्चिमेला, त्यांचं वय ८० च्या पुढे, दुपारी ३ नंतर त्या खोलीत बसवत नाही, म्हणून मी या विषयाच्या मागेच लागले, दुकानं फिरले, जमेल तेवढं वाचलं. माझं मत असं झालंय की आपल्याकडच्या राहत्या घरात ही काच आत्ता तरी बसवू नये, त्यातले थोडेसेच पैसे खिडकीच्या बाहेरच्या बाजूला खर्च करावेत. पण आधी लोकांची जी फसगत होते ती सांगते, कारण ते जास्त महत्त्वाचं आहे.

स्मार्ट काच या एकाच नावाखाली दोन एकदम वेगळ्या वस्तू विकल्या जातात. आपल्याकडे दुकानात जी सहज मिळते ती प्रायव्हसीची काच. आत लिक्विड क्रिस्टलची फिल्म असते, करंट दिला की आरपार दिसतं, बंद केला की दुधी. ऑफिसची केबिन, बाथरूमचं पार्टिशन यासाठी ती छानच आहे. पण एका शोरूमवाल्याने मला तीच 'ताई, ही ऊन अडवते' म्हणून दाखवली. समोर काच, मागे मोठा हॅलोजनचा दिवा, रिमोट दाबला की काच दुधी, पुन्हा दाबला की साफ, बघायला खरंच मस्त वाटतं. मी काचेच्या अलीकडे तळहात धरला आणि त्याला दोनतीनदा चालू-बंद करायला लावलं, दोन्ही वेळेला हाताला चटका सारखाच. दुधी झाल्यावर समोरचं दिसेनासं होतं पण उजेड आणि उष्णता पसरून आत येतातच, फार काही अडत नाहीत. शिवाय ही काच साफ ठेवायला करंट सतत लागतो, म्हणजे लाईन गेली की खिडकी दुधी आणि बाहेरचं दिसणं बंद. उन्हासाठी म्हणून कुणी ही घेत असेल तर कृपया घेऊ नका.

खरी गडद होणारी काच ती इलेक्ट्रोक्रोमिक. तिच्यात टंगस्टन ऑक्साइडचा अगदी पातळ थर असतो, ५ व्होल्टच्या आसपासचा करंट दिला की लिथियमचे आयन त्या थरात शिरतात आणि काच निळसर गडद होते, उलटा दिला की परत साफ. करंट फक्त बदलताना लागतो, नंतर नाममात्र, त्यामुळे ही काच वीज खाते हा आक्षेप खरा नाही. चांगल्या काचेतून साफ असताना साधारण ६० टक्के उजेड आत येतो आणि पूर्ण गडद झाल्यावर १ टक्का, उन्हाची उष्णता ४० टक्क्यांच्या आसपास येते ती ९-१० टक्क्यांवर उतरते. हे आकडे जबरदस्त आहेत आणि शास्त्र म्हणून मला त्याचं मनापासून कौतुक आहे. बोइंग ७८७ विमानात खिडकीला झडप नसते, बटण दाबलं की खिडकी हळूहळू निळी होत जाते, तो याच जातीचा प्रकार. फक्त मोठी काच पूर्ण गडद व्हायला काही मिनिटं लागतात, कधी १५-२० सुद्धा, आणि मग खोलीत निळसर अंधार होतो, म्हणजे पेपर वाचायला दिवसाढवळ्या ट्यूबलाइट लावा.

आता पैसे. अमेरिकेत ही काच बसवून चौरस फुटाला ५० ते १०० डॉलर असा अंदाज सांगतात. आपली साधी ५ बाय ४ ची खिडकी म्हणजे २० चौरस फूट, म्हणजे १००० ते २००० डॉलर, रुपयात एका खिडकीला ८० हजारांच्या वरच, आणि इथे आणायचा खर्च, कर, वायरिंग, कंट्रोलर वेगळं. एका खिडकीच्या पैशात दोन इन्व्हर्टर एसी येतात. वाचवलेल्या विजेतून हे पैसे कधी परत मिळणार? आपल्याकडे कडक ऊन तीन-साडेतीन महिने आणि तेही त्या खिडकीवर दिवसातले तीन-चार तास.

पैसे असले तरी दुसरी अडचण आहेच, ती म्हणजे आपली खिडकी उघडायची असते. ही काच दुहेरी, सीलबंद युनिटमध्ये येते, कारण गडद झालेला बाहेरचा थर तापतो आणि ती उष्णता आत येऊ नये म्हणून मध्ये पोकळी लागते. अशी जड काच आपल्या अ‍ॅल्युमिनियमच्या स्लायडिंगमध्ये सहजी बसत नाही, आणि नागपुरात तर मार्च ते जून अर्ध्या खिडक्यांना कूलर लावलेला असतो! कूलरला बाहेरची हवा लागते आणि दुसरीकडून हवा बाहेर जायला वाट लागते. बंद काचेच्या घरात कूलर म्हणजे नुसती चिकचिक. म्हणजे ही काच लावायची तर एसी घ्यावाच लागतो, आणि ज्या घरात वीजबिलाचीच काळजी आहे तिथे हा उलटा कारभार झाला.

आणि गॅरंटीचं काय? या धंद्यातली अमेरिकेतली मोठी कंपनी व्ह्यू, २०२१ मध्ये शेअर बाजारात आली, सदोष काचा बदलून द्यायचा खर्च हिशेबात पुरता दाखवला नाही म्हणून २०२३ मध्ये तिथल्या नियामकाने प्रकरण काढलं, आणि एप्रिल २०२४ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. नंतर कर्जाची नवी मांडणी करून ती चालू राहिली, पण आपण घराची खिडकी २५-३० वर्षांसाठी बसवतो. तोवर तिचा कंट्रोलर, तिचं सॉफ्टवेअर कोण सांभाळणार, आणि एक काच गेली तर तशीच दुसरी कुठून आणणार?

मोठ्या हॉस्पिटलला, विमानतळाला, ज्या ऑफिसची अख्खी भिंत काचेची आहे आणि बाहेर काही लावताच येत नाही त्यांना ही काच उपयोगी आहे, तिथे जरूर लावावी. एखादी व्यक्ती अंथरुणाला खिळलेली असेल, पडदा ओढायला घरात कुणी नसेल, तिथेही मी पैशाचा हिशेब करणार नाही.

पण आपल्या घरांचा प्रश्न वेगळा आहे. आपल्याकडे सूर्य मेमध्ये डोक्यावर असतो, नागपुरात २६ मेच्या आसपास शून्य सावलीचा दिवस येतो, ऐन नवतपात, म्हणजे कडक उन्हाच्या त्या नऊ दिवसांत. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीला तेव्हा दुपारचं थेट ऊन जवळपास नसतंच, दीड-दोन फुटाचा छज्जा पुरतो. आणि डिसेंबरात सूर्य दुपारी ४५ अंशांवर उतरला की त्याच छज्ज्याखालून ऊन आत येतं, जेव्हा ते हवंसं असतं. जे काम काचेने करंट घेऊन करायचं ते छज्जा बसल्या जागी करतो. खरा त्रास पूर्वेचा आणि त्याहून पश्चिमेचा. ४ वाजताचं तिरकं ऊन छज्ज्याखालून सरळ आत शिरतं, साध्या काचेतून त्यातली ८० टक्क्यांच्या आसपास उष्णता आत येते, २० चौरस फुटाच्या खिडकीसमोर हजार वॉटचा हीटर लावल्यासारखंच ते. आतून कितीही जाड पडदा लावा, ऊन काचेच्या आत आलं की पडदाच तापतो आणि खोली तापवत राहतो. ते बाहेरच अडवायला हवं. आपल्या जुन्या लोकांना हे नीट कळत होतं, बांबूची चिक, म्हणजे काड्यांचा गुंडाळता येणारा पडदा, बाहेरून सोडायचे, वाळ्याची ताटी बाहेर लावून पाणी मारायचे. आम्ही यंदा सासूबाईंच्या खिडकीला बाहेरून बांबूची चिक लावली, खिडकीपासून वीतभर अंतर सोडून, म्हणजे मधली गरम हवा वर निघून जाते. संध्याकाळी काचेला आतून हात लावला तर आता ती कोमट लागते, हॉलची काच अजून चटका देते. आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी तर काचेचा विचारच नंतर करावा, तुमची उष्णता स्लॅबमधून येतेय, आधी गच्चीवर पांढरा चुना किंवा पांढरा कोटिंग मारा.

आता मला ज्याचा खरा राग येतो ते. नवीन स्कीम बघा, छज्जे गायब. दर्शनी बाजू सपाट, मोठ्या काचा, ब्रोशरमध्ये भरपूर उजेड असं लिहायचं, आणि मग राहायला आलेल्या माणसाने आयुष्यभर एसी चालवायचा. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ मध्ये इको-निवास संहिता आणली, त्यात घराच्या भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला चौरस मीटरला १५ वॉटची मर्यादा घातलीय आणि उघडणारी खिडकी किती हवी तेही हवामानाप्रमाणे सांगितलंय. फ्लॅट घेणाऱ्या किती जणांना हा आकडा माहीत आहे? बिल्डरने तो ब्रोशरमध्ये छापलाच पाहिजे आणि महापालिकेने नकाशा मंजूर करताना बघितलाच पाहिजे. काच विकणाऱ्यांनाही जाहिरातीत उष्णता किती टक्के आत येते तो आकडा लिहायला लावा, नुसतं स्मार्ट लिहून चालणार नाही.

दुसरी गोष्ट सोसायट्यांची. आमची चिक लागल्यावर आठ दिवसांत कमिटीचं पत्र आलं की बिल्डिंगचं एलिव्हेशन खराब दिसतं, काढा. मी काढलेली नाही आणि काढणार नाही, पण प्रत्येक घराने असं भांडत का बसावं? नागपुरात महापालिका सिग्नलवर उन्हाळ्यात हिरवी जाळी लावते, गाडीवाल्याला दोन मिनिटं सावली मिळावी म्हणून, आणि आपण आपल्याच घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ती नाकारायची? सोसायट्यांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्याव्या लागतात. पश्चिमेच्या फ्लॅटवाल्यांनी यावेळी हा विषय अजेंड्यावर लेखी द्यावा, चिकेचा रंग, माप, वाऱ्यात उडू नये म्हणून खालून बांधायची पद्धत सगळं एकदाच ठरवून घ्यावं, आणि बुरडाकडे ऑर्डर दिवाळीनंतर लगेच टाकावी. मार्च लागला की त्यांच्याकडे रांग असते आणि भाव पण चढतो.

आपली,
एक वाचक, नागपूर